मिस्त्रींच्या घरचा धूर

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, याचा मला तोवर चांगला अनुभव झाला होता. आडनाव, गाव, लग्न, मटण. गेवराईच्या पोस्टात बदली झाली तेव्हा या सगळ्यांची उत्तरं मी तोंडपाठ करून गेले होते. मिस्त्रींनी त्यातलं एकही विचारलं नाही. अंगणात खुर्ची मांडून त्यांनी मला समोर बसवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "तुमच्या घरी तव्याचा तळ कसा आसतो?"

मी म्हटलं, "काळा."

"काळा तर आसतोच वो. बोट लावलं तर बोटाला येतो का न्हाई?"

"आमच्याकडे सगळं गॅसवर असतं."

त्यांचा चेहरा पडला. तरी म्हणाले, "चालतंय. खोली बगून घ्या." खोली मिळाली, पण त्या एका उत्तराने माझी जी किंमत उतरली ती पुढे चार वर्षांत पुन्हा चढली नाही.

मिस्त्री म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. तीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं खोलली आणि जोडली. गाडी डेपोच्या फाटकातून आत येताना नुसता मागचा धूर बघून ते दुखणं सांगायचे, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे आत पाणी शिरलंय. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले. इंजिनं सगळी डेपोत राहिली. घरी आल्यावर त्यांनी वर पाहिलं, तर गल्लीतल्या दर दुसऱ्या पत्र्यावरून धूर निघत होता. गल्लीचं नशीब तिथेच फिरलं.

आमच्या गल्लीत गॅस घरोघर होता. तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी, डाळ आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. बाजरीची भाकरी गॅसवर केली की ती पोटात बसत नाही, यावर गल्लीत हिंदू-मुसलमान सगळ्यांचं एकमत होतं. मिस्त्रींचंही. त्यांचा चुलीवर राग नव्हता, राग होता तो धुरावर. "धूर म्हंजे काय? न जळालेलं लाकूड," असं ते भेटेल त्याला सांगायचे. "तुमी शेतातून डोक्यावर भारा आणायचा, फोडायचा, वाळवायचा, आन मग निम्मा आभाळात सोडून द्यायचा. कावून? आभाळाला थंडी वाजती का?"

मी पोस्टात असल्याने हे व्याख्यान मला तिकीट-खिडकीवरही ऐकावं लागे, कारण ते मनीऑर्डरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना सरपणाविषयी विचारत. रांगेतली बाई कावरीबावरी होई. ओल्या वेड्या बाभळीची जाडजूड ढलपी चुलीत कोंबणाऱ्या बाईला त्यांनी एकदा इतकं झापलं, की ती पैसे न घेताच घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा भांडायला आला. मिस्त्रींनी त्याला बसवून घेतलं आणि लाकूड अंगठ्याएवढं फोडायचं, एक उन्हाळा सावलीत रचून ठेवायचं आणि चुलीच्या तोंडात निम्म्याहून जास्त जागा हवेला सोडायची, हे समजावून सांगितलं. माणूस भांडण विसरून गेला. मिस्त्रींशी भांडायला आलेली माणसं अशीच काहीतरी शिकून परत जायची आणि त्यामुळे आणखी चिडायची.

ते कुणाच्याही घरी गेले की आधी तव्याच्या तळावर बोट फिरवत. मग सरळ जमिनीवर पालथे पडून चुलीच्या तोंडात बघत. गाडीखाली शिरायची तीस वर्षांची सवय. धोतर नाही, लुंगी नाही, साठी उलटलेला माणूस खाकी पँटमध्ये दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पालथा पडलाय आणि घरची सून पदर सावरत भिंतीला चिकटून उभी आहे, हे दृश्य मी किमान सहा घरांत पाहिलंय. उठल्यावर ते निदान सांगत आणि पिशवीतून काहीतरी काढून देत. बहुतेक वेळा ती जुन्या गाडीच्या खिडकीच्या गजांची कापून केलेली जाळी असे. ती चुलीत दोन विटांवर ठेवायची, लाकडं जाळीवर आणि हवा खालून. "खालून हवा मिळाली की इस्तू हासतो," असं ते म्हणत. राख मात्र रोज काढायची. राख तुंबलेल्या चुलीविषयी त्यांचं मत इथे लिहिता येण्यासारखं नाही.

त्यांची आवडती चूल म्हणजे शेजारच्या बागवानांच्या भाभीची. त्यांचा फळांचा गाडा होता, त्यामुळे घरात फळांच्या रिकाम्या खोक्यांचं सरपण. वाळलेलं, पातळ, एका काडीत पेटणारं. भाभी भांड्यावर झाकण ठेवायच्या, डाळ आधी भिजवायच्या आणि जाळ भांड्याच्या बाहेर कधी जाऊ द्यायच्या नाहीत. मिस्त्री लोकांना ती चूल दाखवायला घेऊन येत. भाभी एकदा म्हणाल्या, "मिस्त्री, आता तुमी बाहीर पाटीच लावा. आन माझा बी फोटो लावा तिच्यावर." मिस्त्रींनी पाटी लावली नाही, पण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाभींच्या पत्र्याचा फोटो टाकला. वर निळं आभाळ, धूर शून्य. खाली लिहिलं, 'शिका.'

त्या फोटोपासून गल्लीचं शांत जीवन संपलं. लोक सकाळी फुलांचे फोटो पाठवतात, मिस्त्री धुराचे पाठवू लागले. कुणाच्याही पत्र्याचा फोटो, खाली फक्त 'हे कुणाचं?' ज्याचं असेल तो मुकाट ओली लाकडं बाहेर ओढायचा. दोनतीन घरांनी ग्रुप सोडला. मिस्त्रींनी त्यांना पुन्हा घेतलं.

आता आंघोळीच्या पाण्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्या पाण्याने मी आंघोळ केलेली आहे. अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीला धुराडं हवं म्हणून मिस्त्रींनी भंगारातून एसटीचा जुना सायलेन्सर आणला. तो त्यांनी अगदी मन लावून बसवला. चूल पेटवल्याबरोबर हवेचा असा जोराचा ओढा लागला की जाळ घुमायला लागला. मला तर घंगाळ आता चालू पडून बीडच्या रस्त्याला लागतंय की काय असं वाटलं. पाणी दहा मिनिटांत कढत. मिस्त्री हात मागे बांधून उभे होते आणि इतके खूश मी त्यांना नंतर क्वचित पाहिले.

चूक एवढीच झाली होती, की गाडीला सायलेन्सर जसा आडवा असतो तसाच त्यांनी तो आडवा बसवला होता. तोंड भिंतीतून बाहेर, गल्लीत. आणि समोरच्या घराने बाजेवर गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. सायलेन्सरच्या आत बसलेली जुनी काजळी त्या ओढ्याबरोबर सुटली आणि बाजेवर जाऊन पडली. समोरच्या बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी एक कुरडई उचलली, बोटावर काजळी घासून पाहिली आणि त्यांना धीर दिला, "घाबरू नका. ही आपल्या चुलीची न्हाई. गाडीची जुनी काजळी हाय."

कुरडयांचा गहू काकूंनी भरून दिला, चीकही काकूंनीच काढला आणि दोन दिवस बसून कुरडयाही त्यांनीच घातल्या. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. मिस्त्रींनी तेवढ्यात सायलेन्सरला कोपर लावून त्याचं तोंड वर केलं.

एवढं सगळं करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यातून निघणारा धूर मात्र गेवराईत सगळ्यात वाईट होता. दाट, पिवळट, विरायचं नाव न घेणारा. गल्लीने याची पुरेपूर मजा घेतली. कुणीतरी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे कुणाचं?' मिस्त्री जेवायला यायचे तेव्हा दारातूनच म्हणत, "अगं, हवा दे, हवा." आतून काकूंचा आवाज यायचा, "आत यू नका, डोळे जातील तुमचे." मग ताट बाहेर यायचं आणि ते ओट्यावर बसून जेवायचे. दोनदा त्यांनी आत शिरायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत बाहेर आले. "लाकूड चांगलं हाय, जाळी हाय, राख सकाळी म्या सोता काढतो," ते मला म्हणाले, "मंग धूर येतो कुटून?" ज्या माणसाकडून दुरुस्त झालेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली नाही, त्याला स्वतःच्या घरी निदान होईना. हे त्यांना फार लागलं होतं.

धूर कुठून येतो ते मला एका स्थानिक सुट्टीच्या दिवशी कळलं. मिस्त्री रोज दहाला सायकल घेऊन डेपोत जात, काही काम नसताना, आणि साडेबाराला परत येत. मी त्या दिवशी घरी होते. साडेबाराच्या जरा आधी मीठ मागायला काकूंच्या स्वयंपाकघरात गेले, तर आत धुराचा मागमूस नाही. तुरीच्या काड्यांवर बाभळीच्या दोन बारीक फोडी, जाळ तव्याच्या तळाला नीट लागलेला, आणि काकू गुणगुणत भाकरी थापत होत्या. तव्याचा तळ मी मुद्दाम पाहिला. भाभींच्या तव्यापेक्षा साफ होता.

मी काही विचारणार तेवढ्यात बाहेर सायकलचं स्टँड करकरलं. काकूंनी दाराआडच्या पाण्याच्या बादलीत हात घातला, लोणच्यातल्या फोडीसारखी मुरलेली वेड्या बाभळीची एक ढलपी बाहेर काढली आणि चुलीत सारली. स्वयंपाकघर क्षणात भरून गेलं. बाहेरून आवाज आला, "अगं, हवा दे, हवा."

"आत यू नका," काकू म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून माझ्याकडे पाहून हसल्या.

दुपारी मिस्त्री झोपल्यावर त्यांनी मला सांगितलं. "तीस वर्सं हा माणूस सकाळी सहाला जायचा. म्या घर चालवलं, दोन लेकींची लग्नं केली, ह्यांनी कदी मीठ कुटं आसतं ते इचारलं न्हाई. रिटायर झाले आन पयल्या आठवड्यात समद्या डब्यांवर रंगानं नंबर टाकले. हळद चार नंबर. मी काय स्पेर पार्ट इकती का? डाळीला घड्याळ लावून बसायचे. भाकर उलटताना मनायचे, आजून आठ सेकंद. म्या सोन्यासारखा जाळ करते म्याडम, पन जाळ चांगला आसला की हे आत येऊन बसतेत. मंग एक दिवस लाकूड वलं निगालं, धूर झाला, आन हे गेले. म्या मनलं, बरं हाय की."

मला इतकं हसू आलं की मी तिथेच वचन दिलं, कुणाला सांगणार नाही. माझ्या चार वर्षांतली ती सगळ्यात मोठी चूक. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

काकूंचा खोकला दुसऱ्या हिवाळ्यात सुरू झाला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. भाकरी थापताना मध्येच थांबून भिंतीला टेकावं लागायचं. मिस्त्री त्यांना बीडला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने फोटो काढला, फुंकायला लावलं आणि सांगितलं, धूर बंद करा, औषधं नंतर. छाती आणखी एका वर्षाचा धूर सोसणार नाही. हे मिस्त्रींनी मला अंगणात उभ्यानेच सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यांनी धुराविषयी बोलताना आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाभींकडून खोक्यांच्या फळ्या आणल्या. नवी जाळी केली. पत्र्याला भोक पाडून धुराडं बसवलं. गॅसची शेगडी पुसून पुढे ठेवली. काकू सगळ्याला हो म्हणाल्या. बादली होती तिथेच राहिली. आता एवढंच, की ढलपी सारताना त्या तोंड दाराबाहेर काढत.

मी चिडले. "काकू, ती बादली फेकून द्या. खेळ पुरे झाला."

"आन मंग?"

"मग काय, ते आत येतील."

"हां," काकू म्हणाल्या. "येतील."

त्या एका शब्दात केवढातरी कंटाळा होता. मला त्यांचा राग आला, मिस्त्रींचा आला आणि स्वतःचा सगळ्यात जास्त आला. वचन मोडलं तर काकूंचा तेवढा एक कोपरा जाणार, पाळलं तर त्यांची छाती. मी आठ दिवस काहीच केलं नाही आणि त्याची मला अजून लाज वाटते.

करायची वेळ आली नाही. पुढच्या रविवारी मी बाजारातून परत आले तर मिस्त्री घराच्या बाहेर, भाभींच्या भिंतीला टेकून उभे. सायकल नव्हती. हातात मोबाइल. मला बघून त्यांनी तो पुढे केला. त्यात त्यांच्याच पत्र्याचे फोटो होते, दहा वाजल्यापासूनचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. एकातही धूर नव्हता. "आज डेपोत गेलोच न्हाई," ते म्हणाले. "सायकल कोपऱ्यावर लावलीती. आता बगा." ते कोपऱ्यावर गेले, सायकल घेऊन आले, अंगणात शिरले आणि स्टँड लावलं. आत गेले नाहीत. तसेच परत गल्लीत आले आणि वर पाहत उभे राहिले. पत्र्यातून पिवळट लोट निघाला.

त्यांनी त्याचाही फोटो काढला. मग म्हणाले, "म्याडम, इंजिनात बिगाड न्हाई. ते मला बगून धूर मारतंय."

मी खाली बघत होते.

"तुमाला ठावं होतं?"

"हो."

"लई दिवसांपासून?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते आता आत जाऊन बादली पालथी करतील, निदान ओरडतील. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि आतून खोकल्याचा आवाज आला तसं त्यांचं तोंड वाकडं झालं. मी त्यांची इतकी टिंगल केलीय, अजूनही करते, पण त्या चेहऱ्याची करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्यांनी फाटकातूनच आवाज दिला. पोस्टाच्या जेवणाच्या सुट्टीत मी घरीच येत असे, म्हणून मी ऐकला. "म्या वट्ट्यावर हाय. आत येत न्हाई." उत्तर म्हणून आतून धूर आला. तिसऱ्या दिवशीही आला. काकूंचा विश्वास बसत नव्हता, आणि मिस्त्रींचा इतिहास बघता त्यांना दोष देता येणार नाही. पण ते रोज तेच ओरडत राहिले, ग्रामपंचायतीच्या दवंडीसारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. ज्या गल्लीला त्यांनी वर्षभर पाण्यात पाहिलं होतं तिच्यासमोर रोज दुपारी, 'मी माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात जात नाही.' लोक हसले. ते ओट्यावर पाठ करून बसले आणि ताटाची वाट बघत राहिले. ग्रुपवर फोटो टाकायचंही त्यांनी बंद केलं. तेव्हा गल्लीला जरा काळजी वाटायला लागली.

दहाबारा दिवसांनी काकूंनी बादलीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घातलं. ढलप्या उन्हात टाकल्या. धूर थांबला. खोकला काही जादूने गेला नाही. औषधं चालू राहिली, सकाळचा खोकला अजून आहे असं त्यांनी मला परवा फोनवर सांगितलं. पण भाकरी थापताना भिंतीला टेकणं हळूहळू बंद झालं.

माझी बदली व्हायच्या थोडं आधी, एका दुपारी मी काकूंजवळ पाटावर जेवत होते. बाहेरून रोजची आरोळी आली. काकूंनी ताट वाढलं, उचललं आणि मग पुन्हा खाली ठेवलं.

"आत या," त्या म्हणाल्या. "तितं जाईस्तोवर भाकर गार हुती."

मिस्त्री दारात येऊन थांबले. चप्पल काढायला त्यांना फार वेळ लागला. मग ते आत आले, माझ्या शेजारी बसले आणि डावा हात मांडीखाली दाबून धरला. चुलीकडे बघेनात. डब्यांकडे बघेनात, त्यांवरचे नंबर काकूंनी केव्हाच खरवडून काढले होते. ते फक्त ताटात बघून जेवत होते. तेवढ्यात चुलीतलं एक लाकूड जळून पुढे सरकलं, त्याचं टोक तोंडाबाहेर आलं आणि धुमसायला लागलं. धुराची बारीक रेघ सरळ त्यांच्याच तोंडावर जाऊ लागली. मिस्त्रींचा घास हातात थांबला. मांडीखालचा हात थोडा बाहेर आला आणि परत गेला.

काकू परातीत पीठ मळत हे सगळं बघत होत्या. लाकडाला त्यांनी हात लावला नाही.

"कसा हाय जाळ?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींचे डोळे धुराने भरले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "चूल तुजी."

काकूंनी लाकूड आत सारलं.